बाळंतिणीचे नैराश्य : गोव्यातील एक अभ्यास

बाळंतीण उदास असली की आपण बाळंतपणानंतर शरीरात होणाऱ्या बदलांकडे बोट दाखवतो. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज व नंदिता डिसोझा यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हा समज पुन्हा तपासायला लावतो. त्याचे बलस्थान त्याच्या आखणीत आहे. २७० स्त्रियांची नोंद गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतच केली गेली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांपैकी ७८ टक्के जणी गरोदरपणीच मानसिक त्रासात होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध हे जोखमीचे घटक ठरले. मारहाण व उपासमार यांचा परिणाम बाळ मुलगा की मुलगी यावरही अवलंबून होता.

हा अभ्यास एकाच जिल्हा रुग्णालयातील आहे. हे आकडे साऱ्या देशाला लावू नयेत. शिवाय जोखमीचा घटक म्हणजे कारण नव्हे. मुलीचा जन्म आईला आजारी करत नाही. तो कोणत्या घरात होतो, हे पाहावे लागते.

गरोदरपणी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासले जाते. घरी पोटभर मिळते का, मारहाण होते का, हेही तेव्हाच विचारायला हवे.