भरपाईची भाषा

निकालपत्र हीही एक संहिताच असते. कथा-कवितेला आपण जे विचारतो ते तिलाही विचारले पाहिजे : इथे बोलते कोण, आणि मुके कोण राहते?

१९८३ चा रुदुल साह खटला घ्या. बिहारमधला हा माणूस ३ जून १९६८ ला निर्दोष ठरला आणि तुरुंगाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ ला. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या न्यायासनाने त्याला एकूण ३५ हजार रुपये देवविले. चौदा वर्षांचे, दिवसाला सात रुपयेही नाहीत. तरीही निकाल मोठाच. बाबासाहेबांनी ज्याला घटनेचा आत्मा म्हटले, त्या ३२ व्या कलमाखाली राज्याला पैसे मोजायला लावता येतात, हे तिथे ठरले.

दुसरी संहिता महाराष्ट्राची. २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशीवर नेली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्ष साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून भलतीच चार माणसे ओळखली होती. हे कागदोपत्री पहिल्यापासूनच होते.

ही माणसे भटकी, गरीब मजूर होती आणि त्यांना खोटे गोवले गेले, असे निकालपत्र म्हणते. वाक्य धीट आहे. पण ते तिथेच थांबते. भटका म्हणजे चोर, हे समीकरण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लिहिले. कायदा १९५२ मध्ये गेला, पोलीस चौकीतला संशय गेला नाही. त्या संशयाची भरपाई कोणत्या रकान्यात मांडायची?

प्रत्येकी ५ लाख मिळाले. सोळा वर्षांचे, दिवसाला सुमारे ८६ रुपये. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरीही याच्या दुपटीहून अधिक होती. आणि हेही हक्काने नव्हे, न्यायमूर्तींच्या विवेकाने. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती सुचवली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत मात्र विनाकारण अटकेची भरपाई एक हजारावर जात नाही, आणि तीही राज्य देत नाही.

निकालपत्र वाचू शकणारा मी माझ्या घरातला पहिला. ज्याला वाचता येते त्याने ते वस्तीत वाचून दाखवले पाहिजे. दया म्हणून आलेली रक्कम माणसाला पुन्हा याचकच करते. आपल्याला भरपाई हवी ती हक्काच्या भाषेत.