शेजाऱ्यापुरती नजर

दहिसर टोलनाक्यावर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, तरी रांगा संपल्या नाहीत. कारण रांग लागायला नाकाच लागतो असं नाही. २००८ साली जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या वर्तुळावर २२ गाड्या सारख्या वेगाने फिरवायला सांगितल्या. वाटेत सिग्नल नाही, खड्डा नाही. तरीही थोड्या वेळात कोंडी झाली आणि ती मागे मागे सरकत गेली.

रोबोंच्या ताफ्याला शिस्तीत चालवण्याच्या शास्त्राचं मूळ दुखणं नेमकं हेच आहे. प्रत्येकाला फक्त पुढच्याचं अंतर दिसत असेल आणि ते अंतर कायम तेवढंच राखायचं असेल, तर पुढे झालेली बारीकशी चूक शेपटाकडे जाताना वाढत जाते. यावर उपाय दोन. वेगाबरोबर अंतरही वाढू द्यायचं, नाहीतर म्होरक्याची खबर रेडिओने सर्वांना द्यायची. १९९७ मध्ये सॅन दिएगोजवळच्या महामार्गावर आठ गाड्या एकमेकींपासून साडेसहा मीटरवर धावल्या, त्या दुसऱ्या उपायाच्या जोरावर.

दहिसर पूर्वेहून अंधेरीकडे निघालेली मेट्रो ७ त्या टोलनाक्याच्याच महामार्गाच्या डोक्यावरून जाते, पण तिचा मार्ग निराळा. गाडी आपला ठावठिकाणा रेडिओने सतत कळवते, कुठवर जायचं ते नियंत्रण यंत्रणा सांगते आणि संपर्क तुटला तर ब्रेक लागतो. व्यवस्था चोख, पण शहाणपण सगळं मध्यावर. दरड कोसळलेल्या डोंगरात किंवा पाण्याखाली ही चैन कुठून आणायची?

म्हणून मला ड्रोनच्या खेळांचं कौतुक बेताचंच वाटतं. २९ जानेवारी २०२२ ला दिल्लीच्या विजय चौकात हजार ड्रोननी आकाशात चित्रं काढली. अभियांत्रिकी म्हणून काम मोठं. पण अशा खेळांत सहसा प्रत्येकाची वाट आधीच लिहिलेली असते, जागा उपग्रहावरून कळते. शेजारी कोण, याची ड्रोनला गंधवार्ता नसते. आकृती दिसते, ताफा नसतो.

खरी कसरत पवईच्या बाजूला सापडते. आज आयआयटी मुंबईत असलेल्या अर्पिता सिन्हा यांनी देबाशीष घोष यांच्यासह २००६ साली चक्राकार पाठलागावर एक शोधनिबंध लिहिला. पहिला दुसऱ्यामागे, दुसरा तिसऱ्यामागे, शेवटचा पहिल्यामागे. कोणी कोणाशी बोलत नाही, प्रत्येकाने एकावरच नजर ठेवायची. तरीही सारे एका ठिकाणी जमतात. गंमत पुढे आहे. प्रत्येकाची पाठलागाची ओढ कमीजास्त ठेवली, तर ती जागा आपल्याला निवडता येते. इतक्या कमी माहितीत इतकं साधणारी युक्ती दुसरी आठवत नाही. मात्र एक जण अडून बसला, की सगळे निमूटपणे त्याच्यापाशी गोळा होतात.

हार्वर्डच्या किलोबॉटांची जातकुळी हीच. २०१४ मध्ये नाण्याएवढ्या १,०२४ रोबोंनी इन्फ्रारेडने फक्त शेजाऱ्यांशी कुजबुजत आकृत्या घडवल्या. वेळ लागला सुमारे बारा तास. टाळ्या पडणार नाहीत अशी ही कामगिरी, पण पाठीवर थाप द्यायची तर इथेच.

या क्षेत्राची एक खोड मात्र खटकते. शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘मर्यादित संवाद’ असतो आणि प्रयोगशाळेच्या छताला कॅमेरे टांगलेले असतात, प्रत्येक रोबोची जागा अचूक पुरवणारे. रेडिओची पोच कंपासाने काढलेल्या वर्तुळासारखी धरतात. शेजारी अर्धा मिनिट गप्प झाला तर काय, हे कित्येक निबंधांत येतच नाही. आकडे द्यायचेच तर रोबो किती होते याच्या आधी एकेकाला किती ठाऊक होतं ते द्यावं. त्या कसोटीवर चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाचा २०२२ चा प्रयोग मला उजवा वाटतो. ड्रोन अवघे दहा. पण ते दाट बांबूच्या बनातून, स्वतःच्याच कॅमेऱ्याने वाट काढत आणि एकमेकांना आपला बेत कळवत पार झाले.