पक्षनिष्ठा, गटनिष्ठा आणि द्विपक्षीय राजकारणाचा ऱ्हास : प्रवराकाठच्या उदाहरणावरून एक चिकित्सा

महाराष्ट्रातील पक्षांतरांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिखाणाचा मथितार्थ बहुधा एकच असतो : राजकीय पुढाऱ्यांची पक्षनिष्ठा ढळली, त्यामुळे समोरासमोर उभ्या असलेल्या दोन बाजू विसकटल्या आणि त्याचबरोबर द्विपक्षीय राजकारणाचाही ऱ्हास झाला. हा कार्यकारणभाव वरवर पाहता इतका स्वाभाविक वाटतो की, तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. प्रस्तुत लेखात तो एका लहानशा भूभागाच्या आधाराने तपासून पाहण्याचा विचार आहे. हा भूभाग म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कोल्हार आणि त्याभोवतालचा प्रवरा-गोदावरीचा ऊसपट्टा होय.

१

प्रथम रूढ मत त्याच्या सर्व बळानिशी मांडणे न्याय्य होईल. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेला ७३ व भारतीय जनता पक्षाला ६५ जागा मिळाल्या. काँग्रेसला ८० जागा मिळाल्या आणि पंचेचाळीस अपक्ष निवडून आले. अपक्षांच्या साह्याने युतीचे शासन स्थापन झाले. १९९९ मध्ये काँग्रेस दुभंगली; तथापि काँग्रेस (७५) व राष्ट्रवादी काँग्रेस (५८) हे दोन्ही पक्ष निकालानंतर एकत्र आले. येथपासून २०१४ पर्यंत महाराष्ट्रात पक्ष चार असले तरी बाजू दोनच होत्या. मतदाराला एका बाजूचा कंटाळा आला, तर दुसरी बाजू कोणती हे त्याला ठाऊक होते. २०१४ मध्ये चारही पक्ष स्वतंत्रपणे लढले. २०१९ मध्ये निवडणूकपूर्व युती निकालानंतर मोडली. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. तेव्हा पक्षांतरांची लाट आणि दोन बाजूंचा लोप या घटना एकापाठोपाठ घडल्या, यात संशय नाही.

परंतु एकापाठोपाठ घडणे म्हणजे एकीमुळे दुसरी घडणे नव्हे. शिवाय ‘द्विपक्षीय’ ही संज्ञाच येथे सैलपणाने वापरली जाते. मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एकसदस्यीय मतदारसंघ व साधे बहुमत यांची पद्धती द्विपक्षीयतेकडे नेते, असा सिद्धांत मांडला. तो मांडताना पक्ष ही स्थिर वस्तू आहे आणि मतदार तिच्याभोवती हलतो, असे त्यांनी गृहीत धरले आहे. रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये ‘काँग्रेस व्यवस्था’ ही कल्पना मांडून निराळी गोष्ट दाखविली. भारतात खरी स्पर्धा पक्षापक्षांत नसून वर्चस्व असलेल्या एकाच पक्षाच्या पोटात चालते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या दोन्ही उपपत्ती प्रवराकाठी आणल्या असता पहिली तोकडी पडते आणि दुसरी अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देते.

२

कोल्हार हे गाव प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले आहे. भगवतीमातेच्या देवस्थानामुळे ते पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. नदीच्या एका तीरावरील कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात मोडते आणि समोरचे कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात. भंडारदरा धरण व प्रवरेचे कालवे यांमुळे या खोऱ्यात ऊस आला. लगतच्या लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्यानंतर कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर अशी कारखान्यांची मालिकाच या जिल्ह्यात उभी राहिली.

या इतिहासाचा राजकीय अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. येथील ऊस उत्पादकाचा राजकीय पक्षाशी संबंध येतो तो पाच वर्षांतून एकदोनदा. कारखान्याशी मात्र तो बारा महिने येतो. उसाची नोंद, तोडीची पाळी, उसाचे पेमेंट, सोसायटीचे कर्ज, मुलाची शाळा-महाविद्यालय, घरातल्या आजाऱ्याचे रुग्णालय या सर्व ठिकाणी त्याची गाठ कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या संस्थांशी, म्हणजेच पर्यायाने त्या चालविणाऱ्या गटाशी पडते. अशा परिस्थितीत निष्ठा नावाची जी काही वस्तू निर्माण होते, ती गटाशी होते. पक्ष हे त्या गटाने त्या त्या वेळी धारण केलेले नाव असते.

या प्रदेशात नेहमीच असे होते, असे मात्र नाही. सहकाराच्या आरंभकाळात येथे विचारांवर आधारलेला विरोध जिवंत होता. संगमनेरचे दत्ता देशमुख हे डाव्या चळवळीचे नेते याच मातीतले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेससमोर जी एकवट बाजू उभी केली, तिच्या मागे अशी माणसे होती. परंतु तरुणपणी कम्युनिस्ट चळवळीत असलेले अण्णासाहेब शिंदे पुढे काँग्रेसमध्ये आले आणि १९६२ पासून लोकसभेत गेले. हे पक्षांतर तत्त्वहीन होते, असे कोणी म्हणणार नाही. त्यातून एवढेच दिसते की, राज्यसत्ता व सहकार यांची सांगड बसल्यावर कार्यकर्त्या माणसाला विरोधात राहून काम करणे उत्तरोत्तर दुर्घट होत गेले.

आता लोणीच्या घराण्याचा राजकीय प्रवास पाहू. बाळासाहेब विखे पाटील १९७१ मध्ये काँग्रेसतर्फे कोपरगावातून लोकसभेवर गेले. १९९१ मध्ये त्यांनी अहमदनगर मतदारसंघात काँग्रेसचे अधिकृत उमेदवार यशवंतराव गडाख यांच्याविरुद्ध निवडणूक लढविली व ते पराभूत झाले. ती निवडणूक पुढे न्यायालयाने रद्द ठरविली. १९९८ मध्ये ते शिवसेनेतर्फे निवडून आले, वाजपेयी मंत्रिमंडळात मंत्री झाले आणि २००४ मध्ये पुन्हा काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. त्यांचे पुत्र राधाकृष्ण विखे पाटील शिर्डीतून १९९५ मध्ये काँग्रेसतर्फे, १९९९ मध्ये शिवसेनेतर्फे, २००४, २००९ व २०१४ मध्ये पुन्हा काँग्रेसतर्फे आणि २०१९ व २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे विजयी झाले. निवडणुका सात, पक्ष तीन, निकाल एकच. पक्षनिष्ठेच्या परिभाषेत हा चंचलतेचा नमुना ठरेल. गटनिष्ठेच्या परिभाषेत मात्र याहून अधिक स्थिर असे उदाहरण सापडणे कठीण.

३

एका घराण्याच्या आधारे उपपत्ती बांधणे सदोष होईल, म्हणून शेजारच्या कोपरगाव तालुक्याकडे वळू. येथील सहकारी साखर कारखान्याचा बी. एस. बाविस्कर यांनी केलेला अभ्यास १९८० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या निवडणुकीत दोन गट कसे बांधले जातात आणि तेच गट विधानसभेच्या राजकारणात कसे उतरतात, हे त्यातून दिसते. काळे व कोल्हे यांची स्पर्धा या तालुक्याला दीर्घकाळ परिचित आहे.

या स्पर्धेचा अलीकडचा वृत्तान्त बोलका आहे. २००४ व २००९ मध्ये अशोक काळे शिवसेनेतर्फे निवडून आले. त्या काळात कोल्हे गट राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये होता. २०१४ मध्ये स्नेहलता कोल्हे भारतीय जनता पक्षातर्फे विजयी झाल्या. २०१९ मध्ये आशुतोष काळे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे त्यांचा पराभव केला, तो अवघ्या ८२२ मतांनी. म्हणजे पंधरा वर्षांत दोन्ही गटांनी आपापल्या जागांची जणू अदलाबदल केली. परंतु सामना दोघांतच राहिला आणि तो अत्यंत अटीतटीचा राहिला.

येथे रूढ मताला पहिला छेद जातो. या उदाहरणात पक्षांतराने द्विपक्षीय स्पर्धा मोडली नाही, उलट ती टिकविली. प्रतिस्पर्धी गट एका पक्षात बसला की दुसऱ्या गटाने विरुद्ध पक्षात जावयाचे, हा अलिखित नियम होता. कोठारींची उपपत्ती अर्ध्या वाटेपर्यंतच येते असे वर म्हटले, ते याच अर्थाने. एका पक्षाच्या पोटात चालणारी स्पर्धा त्यांनी अचूक हेरली. परंतु तो पक्ष दुर्बळ झाल्यावर तीच स्पर्धा अनेक पक्षांची नावे घेऊन चालू राहते, हा भाग त्यांच्या मूळ विवेचनात येऊ शकला नव्हता.

मग ऱ्हास केव्हा झाला? २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगल्यावर काळे अजित पवार यांच्यासमवेत सत्ताधारी आघाडीत आले. कोल्हे त्याच आघाडीतील भारतीय जनता पक्षात होते. दोन्ही गट एकाच छत्राखाली आल्यामुळे २०२४ मध्ये कोल्हे गटाकडून कोणी उभे राहिले नाही आणि काळे यांचे मताधिक्य सव्वा लाखाच्या घरात गेले. ८२२ वरून सव्वा लाख! पाच वर्षांत मतदारांचे मन इतके पालटले, असे मानण्यापेक्षा त्यांच्यापुढील पर्यायच नाहीसा झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. ऱ्हासाचे कारण पुढारी पक्ष बदलतात हे नसून, सर्वांनी एकाच दिशेने बदलावे अशी परिस्थिती निर्माण झाली, हे आहे. कारखान्याला कर्जासाठी शासनाची थकहमी लागते. उसाचा किमान दर, साखरेची निर्यात आणि इथेनॉल यांविषयीचे निर्णय केंद्रात होतात. २०२१ मध्ये सहकाराचे स्वतंत्र मंत्रालयही केंद्रात स्थापन झाले. राज्य व केंद्र या दोन्ही ठिकाणी सत्ता एकाच बाजूला असताना, विरोधात राहून संस्था चालविण्याची पूर्वीची मुभा गटांना उरत नाही.

४

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पक्ष न सोडणारे पुढारीही याच पट्ट्यात आहेत. संगमनेरचे बाळासाहेब थोरात १९८५ मध्ये अपक्ष म्हणून प्रथम निवडून आले आणि त्यानंतर २०२४ मधील पराभवापर्यंत काँग्रेसतर्फे सातत्याने विजयी होत राहिले. त्यांची निष्ठा केवळ सोयीची होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि त्यांच्याही मागे कारखान्याचा भक्कम गट होता, आणि लोणीचा गट वारंवार बाहेर पडल्यामुळे काँग्रेसमधील जिल्ह्याची जागा त्यांना मोकळी मिळाली, हेही नोंदविले पाहिजे. गटाचे बळ निष्ठेला आड येतेच असे नाही. ते तिला आधारही देते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मतदार पक्षांतराला शासन करतातच, असे म्हणता येईल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगरमध्ये सुजय विखे पाटील पराभूत झाले, शिर्डीत सदाशिव लोखंडे पराभूत झाले. परंतु विजयी झाले कोण? नीलेश लंके शिवसेनेतून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये आलेले व तिच्या फुटीनंतर अजित पवारांकडून शरद पवारांकडे परतलेले. भाऊसाहेब वाकचौरे २००९ मध्ये शिवसेनेचे खासदार, २०१४ मध्ये काँग्रेसचे उमेदवार आणि २०२४ मध्ये पुन्हा शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचे. शिर्डीच्या मतदारापुढे तर शिवसेना या नावाचेच दोन दावेदार उभे होते. मतदार एखाद्या पुढाऱ्याला पाडू शकला. त्या रीतीला पाडण्याचे साधन मात्र त्याच्या हाती नव्हते.

५

तर मग यात बिघडले काय, असा प्रश्न कोणी करील. गट स्थिर आहेत, संस्था चालू आहेत, मतदाराला आपला माणूस ठाऊक आहे. पक्षाचे नाव कोणते याला महत्त्व का द्यावे? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर जून २०१९ मधील एका घटनेत आहे. विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिलेल्या शिर्डीच्याच प्रतिनिधींनी त्या महिन्यात सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि काही दिवसांतच ते ज्या शासनाला विरोध करीत होते, त्याच शासनात मंत्री झाले. कोल्हारच्या मतदाराचे यात कदाचित काही हरपले नसेल. त्याचा माणूस त्याचाच राहिला, किंबहुना अधिक समर्थ झाला. परंतु राज्यातील ज्या मतदारांनी २०१४ मध्ये त्या शासनाविरुद्ध मत दिले होते, त्यांचा सभागृहातील मुख्य आवाज शासनात विलीन झाला. द्विपक्षीय पद्धतीचे मोल पक्षांच्या संख्येत नाही. शासन पदच्युत करण्याची आणि त्याच्या जागी बसविण्यासाठी दुसरे काही हाताशी असण्याची जी शाश्वती ती मतदाराला देते, तिच्यात ते आहे. २०२४ च्या निवडणुकीत विरोधकांपैकी सर्वांत मोठ्या पक्षाला २८८ पैकी अवघ्या २० जागा, म्हणजे एक दशांशाहूनही कमी, मिळाल्या. ही शाश्वती किती क्षीण झाली आहे, ते यावरून कळावे.

कायद्याने या व्याधीवर इलाज होईल, ही अपेक्षाही फारशी फलद्रूप झालेली नाही. १९८५ च्या दहाव्या परिशिष्टाने व २००३ च्या दुरुस्तीने एकेकट्या सदस्याला बांधले. राजीनामा देऊन जाणाऱ्याला किंवा आपणच मूळ पक्ष आहोत असा दावा करणाऱ्या समूहाला ते बांधू शकले नाही. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिला. परंतु राजकीय पक्ष कोणता, हाच वादाचा विषय झाला असता तो निर्वाळा कितीसा पुरणार? ज्या कायद्याला पक्ष दिसतो पण गट दिसत नाही, त्याची मर्यादा ती हीच.

तात्पर्य, पक्षांतरांची मोजदाद करून द्विपक्षीय राजकारणाच्या ऱ्हासाचा उलगडा होणार नाही. ऊसपट्ट्यात तरी दोन बाजू पक्षांत नव्हत्या, त्या गटांत होत्या. पक्षांतराने त्यांना दीर्घकाळ जगविले आणि सत्तेच्या एकवटीकरणाने त्यांना एका बाजूस लोटले. हा निष्कर्ष मुंबई, कोकण वा विदर्भ यांना जसाच्या तसा लावू नये. तेथे संस्थांची घडण वेगळी आहे. मात्र या पट्ट्यात काम करू इच्छिणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांनी विधानसभेचे निकाल कारखाना, बाजार समिती व जिल्हा परिषद यांच्या निवडणुकांतील पॅनेलांशी ताडून पाहावेत. कोणता पुढारी कोणत्या पक्षात गेला, हे वृत्तपत्रातून कळते. तो गेला तेव्हा त्याच्यासमोर कोण उभे राहिले, आणि कोणी उभेच राहिले नसेल तर ते का, हे शोधणे हे आपले काम आहे.