‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनातील १९०७ ची फूट तेव्हा ताजी होती. त्यामुळे पेशव्यांच्या गृहकलहात प्रेक्षकांना आपल्या काळाचे राजकारण दिसले, हे सर्वश्रुत आहे. अभ्यासकांचे लक्षही पुढे त्या राजकीय अर्थाकडे आणि रामशास्त्र्यांच्या न्यायनिष्ठेकडेच लागून राहिले. आनंदीबाईचा विचार झाला तो बहुधा लेडी मॅक्बेथशी तुलना करण्यापुरता. ही तुलना निराधार नव्हे. कचरणारा पती आणि त्याला पुढे रेटणारी पत्नी ही जोडी दोन्हीकडे आहेच. परंतु तुलनेच्या सोयीखाली एक उणीव झाकली गेली. नाटकातील आनंदीबाईला महत्त्वाकांक्षा आहे, संसार नाही.

इतिहासातील आनंदीबाई ही रघुनाथरावाची दुसरी पत्नी. औरस पुत्र नसल्याने अमृतरावाला दत्तक घ्यावे लागले होते. १७६८ मध्ये धोडप येथे पराभव झाल्यावर रघुनाथराव शनिवारवाड्यात कैदेत पडला. माधवरावाच्या अखेरच्या दिवसांत सुटला, आणि नारायणरावाच्या कारकीर्दीत पुन्हा अडकला. ३० ऑगस्ट १७७३ च्या खुनामागे कैद्याच्या घरात काढलेली ही वर्षे आहेत. बंदिवासात खंगलेला, लहरी पती आणि त्याच्या प्रत्येक पराभवाची वाटेकरी झालेली पत्नी यांच्यात काय बोलणे होत असेल? नाटककाराला येथे विपुल सामग्री होती. पुढचा धार किंवा कोपरगाव येथील काळ नाटकाच्या कक्षेबाहेरचा, म्हणून त्याबद्दल दोष देता येणार नाही. ही वर्षे मात्र पडदा उघडण्यापूर्वीचीच आहेत.

‘ध’चा ‘मा’ तर म्हणच होऊन बसला. ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईनेच केले, हे कोणत्याही समकालीन कागदाने सिद्ध झालेले नाही. तथापि खरा प्रश्न पुराव्याहून वेगळा आहे. मूळ आज्ञा रघुनाथरावाची होती, हे आख्यायिकेलाही मान्य आहे; एका अक्षराच्या बळावर ती पतीचा अपराध अर्ध्याने हलका करते आणि उरलेला पत्नीच्या माथी मारते. रंगभूमीला ही वाटणी फार मानवली.

बारभाईंच्या पाठलागात रघुनाथरावाने गरोदर पत्नीला धारच्या किल्ल्यात ठेवले आणि तो गुजरातेकडे निघून गेला. तेथे १० जानेवारी १७७५ रोजी बाजीराव जन्मला. मार्चमध्ये पित्याने सुरतेस इंग्रजांशी तह केला. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर कोपरगावी येऊन डिसेंबर १७८३ मध्ये तो वारला. धाकटा चिमाजी जन्मला तो पित्याच्या मृत्यूनंतर, १७८४ मध्ये. पुढील दहा वर्षे या विधवेने मुलांसह पुणे दरबाराच्या पहाऱ्यात काढली. १७९४ मध्ये आनंदवल्ली येथे तिचा अंत झाला. पहिल्या अंकाआधीची कैद जिने सोसली, तिचेच हे पुढले आयुष्य.

आनंदवल्लीलगतच, गोदाकाठी, गंगापूर आहे. तिची जाऊ गोपिकाबाई हिने तेथे दिवस कंठले. विश्वासराव पानिपतच्या मोहिमेवर असता, डिसेंबर १७६० मध्ये, नानासाहेबाने पैठणला दुसरे लग्न केले होते. पुढे तिन्ही पुत्रांचे मरण तिने पाहिले. तिच्या करारीपणाला लेखकांनी पुत्रशोकाचे कारण सहज दिले. आनंदीबाईच्या करारीपणाला असे कारण शोधण्याचे कष्ट ‘भाऊबंदकी’ने घेतले नाहीत.