जहाज मुंबईचे, नजर कोणाची?

चिनी विनाशिकांवरच्या रडारची चर्चा निघाली की आपण पल्ल्याचे आकडे मोजत बसतो. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची सलगता. ०५२सी वर्गाच्या जहाजांवर टाइप ३४६ रडारचे चार अँटेना-फलक फुगीर आवरणाखाली होते, कारण ते हवेने थंड केले जात. २०१४ मध्ये ०५२डी आली तेव्हा त्याच घराण्यातल्या ३४६एला थंड ठेवायला द्रव वापरला गेला आणि फलक सपाट झाले. २०२० मध्ये ‘नानचांग’ ही विनाशिका ३४६बी घेऊन नौदलात दाखल झाली. प्रत्येक पिढीने आधीचीच उणीव भरून काढली.

आपल्याकडे घराणीच बदलत राहिली. माझगाव डॉकने बांधलेल्या १९९७ च्या ‘दिल्ली’वर रशियन फ्रेगाट आणि सोबत डच आराखड्यावर बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बेल) बनवलेले दूरपल्ल्याचे रडार होते. २०१४ च्या ‘कोलकाता’वर इस्रायली एमएफ-स्टार आले आणि तेच २०२५ च्या ‘सूरत’पर्यंत टिकले. बेंगळुरूच्याच एलआरडीई प्रयोगशाळेच्या ‘रेवती’ला जागा मिळाली ती ‘कामोर्ता’ वर्गाच्या लहान जहाजांवर. रेवती उपयुक्त आहे, पण तिचा अँटेना फिरतो. लाटांना चिकटून येणारे क्षेपणास्त्र साधारण ३० किलोमीटरवर आल्यावरच क्षितिजाच्या वर दिसते. ते ध्वनीच्या तिप्पट वेगाचे असेल, तर जहाजाच्या हाती उरते जेमतेम अर्धे मिनिट, आणि फिरत्या अँटेनाची प्रत्येक फेरी त्यातले काही सेकंद खाते. चारही दिशांना रोखलेले स्थिर फलक मोठ्या युद्धनौकेला का लागतात, ते यावरून कळावे.

यावर कोणी म्हणेल की समुद्र थांबत नाही, तयार मिळते ते घ्यावे. शिवाय २०१८ मध्ये सात जहाजांच्या एलआरसॅम या विमानभेदी क्षेपणास्त्र यंत्रणेचे सुमारे ९,२०० कोटींचे काम बेललाच मिळाले. यातला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: एमएफ-स्टार नसते, तर ‘कोलकाता’ला नजरच नसती. दुसरा मात्र पुरेसा नाही. जुळणी शिकणे वेगळे आणि शत्रूने नवी युक्ती काढली की रडारची आज्ञावली आपल्या मर्जीने बदलता येणे वेगळे. पहिली परकी मदत घेण्यात कमीपणा नाही. चीननेही सुरुवातीला युक्रेनचा हात धरल्याचे सांगितले जाते. फरक पडतो तो पुढच्या पिढीत.

एलआरडीईला असे स्थिर फलकांचे रडार बनवणे जमणार नाही, हा आक्षेप तर मुळीच टिकत नाही. ‘नेत्र’ विमानाचे रडार, तेजससाठीचे ‘उत्तम’ आणि जमिनीवरचे ‘अरुध्र’ ही सगळी इलेक्ट्रॉनिक किरण वळवणारी रडारे याच प्रयोगशाळेची. अशा रडारांना लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडच्या चिपचे तंत्र आपल्या हाती आल्याचे डीआरडीओने २०२४ मध्ये जाहीर केले. जहाजावर खारी हवा, हेलकावे आणि लाटांवरून येणारे परावर्तन यांची भर पडते, पण ते शिकायचे तर जहाजावरच शिकावे लागते. शिवाय फलकांचे वजन मास्टची उंची ठरवते आणि त्यांची उष्णता जनित्रांची व शीतकरणाची क्षमता. म्हणून पुढच्या विनाशिकेच्या सांगाड्याची पहिली रेघ माझगावात ओढली जाईल, तेव्हा त्या टेबलापाशी एलआरडीईचे अभियंते बसलेले असले पाहिजेत.