उंबरठ्यावरची भाषा : इटलीतील परकीयांसाठीच्या मार्गदर्शनपर लेखनाचे एक परीक्षण

१

मार्गदर्शनपर लेखनाकडे साहित्यसमीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. पाककृतींची पुस्तके, पत्रलेखनाचे नमुने, यात्रेकरूंसाठीच्या माहितीपुस्तिका यांना आपण 'उपयुक्त वाङ्मय' असे नाव देतो आणि त्या नावाबरोबरच त्यांचा विचार संपवितो. परंतु ज्या लेखनावर विसंबून माणूस अनोळखी देशात पहिले पाऊल टाकतो, त्या लेखनाच्या भाषेची परीक्षा कवितेच्या भाषेइतक्याच काळजीने व्हावयास हवी. कवितेतील शब्द चुकला तर रसभंग होतो. येथे शब्द चुकला तर वाचकाचा मुक्काम धोक्यात येतो.

या लेखाचे निमित्त अगदी साधे आहे. उच्च शिक्षणासाठी इटलीस जाणारे विद्यार्थी निघण्यापूर्वी हमखास विचारतात की, तेथील रोजच्या जीवनाची माहिती देणारे एखादे चांगले पुस्तक कोणते? या प्रश्नाचे उत्तर देताना प्रस्तुत लेखकास जी अडचण पडली, तिचा उलगडा करण्याचा हा प्रयत्न आहे. या विषयावरील लेखनाचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला, शासकीय व निमशासकीय माहितीपुस्तिकांचा. दुसरा, इटलीत घर करून राहिलेल्या इंग्रज-अमेरिकन लेखकांच्या आठवणींचा. आणि तिसरा, स्थलांतरितांनी स्वतः इटालियन भाषेत लिहिलेल्या कथनांचा. यांपैकी तिसऱ्या वर्गाला कोणी 'मार्गदर्शन' म्हणत नाही. खरे मार्गदर्शन तेथेच अधिक सापडते, असे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रारंभ एका शब्दापासून करू. 'पेर्मेस्सो' हा शब्द इटलीत आलेल्या परकीयाच्या कानावर दोन ठिकाणी पडतो. कोणाच्या घरी गेल्यावर यजमानाने दार उघडले तरी पाहुणा उंबरठ्यावर क्षणभर थांबतो आणि 'पेर्मेस्सो?' असे म्हणतो. आपल्याकडे 'येऊ का?' म्हणतात, तसेच हे. आतून 'आवान्ती' म्हणजे 'या, पुढे या' असे उत्तर येते. येथे परवानगी मागितली जाते ती नाकारली जाणार नाही हे ठाऊक असताना. म्हणून तो शिष्टाचार होय.

दुसरा 'पेर्मेस्सो' म्हणजे 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो', अर्थात वास्तव्याचा परवाना. युरोपीय संघाबाहेरून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने प्रवेशापासून कामाच्या ८ दिवसांच्या आत त्यासाठी अर्ज करावयाचा असतो. विद्यार्थ्याने हा अर्ज टपाल कचेरीतून मिळणाऱ्या लिफाफ्यातील नमुन्यावर भरून, १६ युरोचे मुद्रांक-तिकीट लावून तेथेच द्यावयाचा, आणि पोचपावती घेऊन पोलिसांच्या 'क्वेस्तूरा' नामक कचेरीच्या बोलावण्याची वाट पाहावयाची. कायद्याने ६० दिवसांची मुदत घातलेली आहे. प्रत्यक्षात कित्येक महिने लोटतात. तोपर्यंत ती पावती हाच माणसाच्या अस्तित्वाचा पुरावा. येथेही परवानगीच मागितली जाते. परंतु 'आवान्ती' हे उत्तर केव्हा येईल याची शाश्वती नसते.

एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये परकीयाचे सारे जीवन सामावलेले आहे. बहुतेक मार्गदर्शक पुस्तके मात्र या दोन अर्थांची वाटणी करून टाकतात. शिष्टाचाराचा 'पेर्मेस्सो' आठवणीवजा पुस्तकांकडे जातो, कचेरीतला 'पेर्मेस्सो' माहितीपुस्तिकांकडे. ज्याला दोन्ही उंबरठे एकाच आठवड्यात ओलांडावयाचे आहेत, त्या वाचकासाठी मात्र कोणीच लिहीत नाही.

३

माहितीपुस्तिकांची भाषा प्रथम पाहू. तिचा मुख्य दोष माहितीच्या अभावाचा नाही. ती कर्त्याला लपविते, हा तो दोष होय. 'अर्ज सादर करण्यात यावा', 'संबंधिताने उपस्थित राहावे', 'कळविण्यात येईल' अशा धर्तीची ही वाक्यरचना आहे. मराठी वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. 'सदरहू इसम' ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातली ती. इटालो काल्विनो यांनी १९६५ साली वृत्तपत्रातील एका लेखात या भाषेला 'आंतीलिंग्वा' म्हणजे 'प्रतिभाषा' असे नाव दिले. तळघरात शेगडी पेटविण्यास गेलो आणि कोळशामागे दारूच्या बाटल्या सापडल्या, एवढेच सांगणाऱ्या माणसाची जबानी पोलीस अधिकारी टंकलिखित करतो, तेव्हा तिच्यातील प्रत्येक साधा शब्द कसा बोजड होत जातो, हे त्यांनी दाखविले. पुढे १९९३ साली साबिनो कास्सेसे हे लोकप्रशासनाचे मंत्री असताना शासकीय लेखनासाठी शैलीसंहिताही प्रसिद्ध झाली. परंतु प्रतिभाषेचा पहिला बळी इटालियन नागरिक असला, तरी तिचा सर्वांत असहाय बळी परकीय आहे. कारण नागरिकाजवळ निदान दुसरी, घरची इटालियन असते.

एक उदाहरण पुरेसे आहे. इटालियन कायद्यात 'रेसिदेन्झा', 'दोमिचीलियो' आणि 'दिमोरा' या तीन भिन्न संज्ञा आहेत. नित्य वास्तव्याचे स्थान ते पहिले, कामकाजाचे व हितसंबंधांचे मुख्य केंद्र ते दुसरे, आणि माणूस सध्या जेथे उतरला आहे ते तिसरे. पुष्कळ पुस्तिकांच्या भाषांतरांत या तिहींना 'पत्ता' हाच एक शब्द आढळतो. परिणामी नवागत समजतो की, परवान्याच्या अर्जात पत्ता लिहिला म्हणजे नगरपालिकेच्या 'अनाग्राफे' या नोंदणीदप्तरात आपले नाव लागले. तसे ते लागत नाही. 'रेसिदेन्झा'ची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. २०१२ पासून अर्जानंतर कामाच्या दोन दिवसांत ती होते आणि नंतर ४५ दिवसांत नगरपालिकेचा माणूस प्रत्यक्ष घरी येऊन खात्री करून घेऊ शकतो. तेव्हा खालच्या दरवाजावरील घंटेच्या पाटीवर आपले नाव असावे, हा सल्ला पानभर कलमांपेक्षा मोलाचा आहे. नावाच्या चार अक्षरांची ती चिठ्ठी नसेल, तर तपासनीस येतो, नाव शोधतो आणि परत जातो.

४

संबोधनाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. इटालियन 'तू' आणि मराठी 'तू' हे शब्द उच्चाराने व अर्थाने जुळतात. ते सगोत्रही आहेत. आदरार्थी 'लेइ' हे रूप मात्र मूळचे तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी एकवचन. 'आपली श्रीमंती' यासारख्या स्त्रीलिंगी आदरवाचक पदांचा निर्देश करता करता ते संबोधनात रूढ झाले. १९३८ साली फॅसिस्ट राजवटीने 'लेइ'वर बहिष्कार घालून त्याजागी 'वोइ' लादण्याची मोहीम काढली होती. सर्वनाम ही किती राजकीय वस्तू असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आज्ञार्थात हा भेद केवळ एका स्वरावर उभा असतो. 'आस्पेत्ता' म्हणजे 'थांब'. 'आस्पेत्ती' म्हणजे 'थांबावे'. मार्गदर्शक पुस्तके वाचकास बजावतात की, अनोळखी माणसाशी नेहमी 'लेइ' वापरा. सल्ला योग्य आहे. पण तो एकाच दिशेने जातो. समोरच्याने आपल्याशी काय वापरावे, आणि त्याने 'तू' वापरल्यास त्याचा अर्थ काय, यावर ती मौन पाळतात. एका इटालियन शहरात संशोधनासाठी राहत असता एका कचेरीच्या खिडकीपुढील रांगेत प्रस्तुत लेखकाने हे अनुभवले. पुढे उभ्या असलेल्या अमेरिकन गृहस्थांना 'आस्पेत्ती' असे सांगण्यात आले. त्यांच्यामागील आफ्रिकन तरुणाला 'आस्पेत्ता'. माझी पाळी आली तेव्हा प्रथम 'तू' आले, आणि विद्यापीठाचे पत्र पुढे केल्यावर 'लेइ'. कागद पाहून सर्वनाम बदलले. त्या दोन स्वरांमधील अंतर कोणत्याही व्याकरणात दिलेले नाही; तथापि परकीयाने सर्वांत आधी शिकावे असे व्याकरण तेच होय. अशा वेळी रागावण्यापेक्षा आपण शांतपणे 'लेइ'च वापरीत राहावे, हा तेथील एका वृद्ध ग्रंथपालाने दिलेला सल्ला मला आजही उत्तम वाटतो.

'एक्स्त्राकोमुनितारियो' या शब्दाचेही तसेच आहे. शब्दार्थाने तो युरोपीय समुदायाबाहेरील कोणालाही लागू पडतो. त्या न्यायाने अमेरिकन आणि स्विस हेदेखील त्यात यावेत. बोलण्यात मात्र तो गरीब देशांतून आलेल्या मजुरालाच चिकटला आहे.

५

आता आठवणीवजा पुस्तकांकडे वळू. फ्रान्सेस मेज यांचे 'अंडर द टस्कन सन' (१९९६) हे कोर्तोना गावाजवळील एका जुन्या घराच्या डागडुजीचे, बागेचे व स्वयंपाकाचे पुस्तक आहे. टिम पार्क्स यांचे 'इटालियन नेबर्स' (१९९२) व्हेरोनाजवळच्या मोन्तेक्किओ या गावातील शेजाऱ्यांचे चित्रण करते. दोहोंत पार्क्स निःसंशय श्रेष्ठ. सामाईक जिना, शेजाऱ्यांचे हेवेदावे, कचेऱ्यांचे रीतिरिवाज यांकडे ते प्रेमाने आणि तितक्याच निर्दय विनोदाने पाहतात. इटालियन माणूसही आपल्याच शासनापुढे कसा उभा राहतो, हे त्यांच्याकडून शिकावे. परंतु पार्क्स १९८१ साली इटलीत आले तेव्हा ब्रिटन युरोपीय समुदायाचा सदस्य होता. राहण्याचा हक्क त्यांच्या खिशातच होता. म्हणून कचेरी हा त्यांच्या लेखनात विनोदाचा विषय होऊ शकला. २०२१ पासून नव्याने येणाऱ्या ब्रिटिश माणसालाही परवान्याच्या रांगेत उभे राहावे लागते, ही काळाची गंमत येथे नमूद करण्याजोगी आहे.

या पुस्तकांच्या प्रभावाने मार्गदर्शनपर लेखनाचे प्रमाणभान बिघडले आहे. दुपारनंतर काप्पुच्चीनो मागू नये, बारमध्ये उभ्याने कॉफी घेतली तर स्वस्त पडते, गर्दीच्या बारमध्ये आधी पैसे भरून पावती दाखवावी, १५ ऑगस्टच्या सुमारास शहरे ओस पडतात, या गोष्टी खऱ्या आहेत व जाणून घ्याव्यात. पण काप्पुच्चीनोची चूक फार तर वाढप्याच्या भुवईवर उमटते. पावती हरवण्याची चूक वर्षभर पुरते. यांपैकी पहिलीला पान आणि दुसरीला ओळ देणारे पुस्तक वाचकाला पाहुणा समजते, रहिवासी समजत नाही.

६

तिसऱ्या वर्गातील दोन पुस्तकांचा निर्देश आवश्यक आहे. सेनेगलहून आलेले पाप खूमा यांनी पत्रकार ओरेस्ते पिवेत्ता यांच्या साहाय्याने 'इओ, वेन्दितोरे दि एलेफान्ती' (१९९०) मध्ये रस्त्यावरील फेरीवाल्याचे जिणे सांगितले. अल्जीरियात जन्मलेले अमारा लाखूस यांच्या २००६ च्या कादंबरीत रोममधील पिआत्झा व्हित्तोरियो येथील एका इमारतीची लिफ्ट हा भांडणाचा विषय आहे. एका खुनाच्या निमित्ताने प्रत्येक रहिवासी आपापले 'सत्य' सांगतो. त्यांतील इक्बाल या बांगलादेशी दुकानदाराचे दुःख असे की, वास्तव्याच्या परवान्यावर त्याचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झाली आहे. वरवर हास्यास्पद वाटणाऱ्या या तक्रारीतील भय माहितीपुस्तिका समजावून देऊ शकत नाही.

मराठी वाचकाला हे भय फार जवळचे आहे. इटलीत बँक, भाडेकरार, दवाखाना या सर्वांसाठी 'कोदिचे फिस्काले' हा १६ चिन्हांचा करसंकेत लागतो. त्यात आडनावाची तीन व्यंजने, नावाची तीन व्यंजने, जन्मवर्षाचे दोन अंक, महिन्याचे एक अक्षर, जन्मदिनाचे दोन अंक, जन्मस्थळाची चार चिन्हे आणि शेवटी एक पडताळणीचे अक्षर असते. स्त्रियांच्या जन्मदिनात ४० मिळवितात. भारतात जन्मलेल्यांसाठी स्थळाची खूण झेड-२२२ अशी आहे. आता 'अनघा पाटील' असे एक कल्पित नाव घेऊ. रोमन लिपीत आडनावाचे पी-टी-एल आणि नावाचे एन-जी-एच होते. पण पारपत्रावर नावाच्या रकान्यात, आपल्या रूढीप्रमाणे, 'अनघा वसंत' असे असेल तर? नावात चार किंवा अधिक व्यंजने असली की पहिले, तिसरे व चौथे घेतात, म्हणून एन-एच-व्ही. वडिलांच्या नावाने संकेत बदलला. त्यातच आपल्या गुणपत्रकांवर पुष्कळदा 'पाटील अनघा वसंत' असा क्रम असतो, आणि परक्या कारकुनाला 'पाटील' हेच पहिले नाव वाटते. एका व्यक्तीच्या अशा दोन व्यक्ती होतात. पारपत्र, पदवी आणि प्रवेशपत्र यांवरील नाव निघण्यापूर्वीच एकसारखे करून घ्यावे, हा सल्ला मराठी विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकाचे पहिले वाक्य असावयास हवे.

७

शेवटी भाषेच्या अटीविषयी. दीर्घ मुदतीच्या परवान्यासाठी २०१० पासून प्राथमिक पातळीची भाषापरीक्षा आली. २०१२ पासून नवागताला शासनाशी एक 'एकीकरण-करार' करावा लागतो, ज्यात १६ गुणांनी सुरुवात करून दोन वर्षांत ३० गाठावयाचे असतात. आणि २०१८ पासून नागरिकत्वासाठी मध्यम पातळीच्या इटालियनची अट आहे. भाषा शिकावी यात वाद नाही. परंतु तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात १८६१ च्या एकीकरणावेळी इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २.५ टक्के मांडले होते. पुढील संशोधकांनी ते वाढवून दहा टक्क्यांच्या आसपास नेले, तरी निष्कर्ष तोच राहतो. इटालियन ही बहुसंख्य इटालियनांनाही शिकावी लागलेली भाषा आहे. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मांझी हे शिक्षक दूरचित्रवाणीवरून निरक्षर प्रौढांना अक्षरे शिकवीत होते. त्या कार्यक्रमाच्या नावाचा अर्थच 'उशीर कधीच झालेला नसतो' असा होता. एकेकाळी शासनाने भाषा शिकविली. आज ते प्रामुख्याने तिची परीक्षा घेते. मार्गदर्शनपर लेखनाने हा इतिहास सांगितला, तर वाचकाच्या मनातील न्यूनगंड निम्म्याने कमी होईल.

या विवेचनावरून चांगल्या मार्गदर्शनपर पुस्तकाच्या तीन कसोट्या हाती लागतात. त्याने आपल्या माहितीची तारीख सांगावी. परकीय विद्यार्थ्याला राष्ट्रीय आरोग्यसेवेत ऐच्छिक नावनोंदणीसाठी वर्षाला सुमारे १५० युरो पडत, ते २०२४ पासून ७०० झाले, आणि जुने पुस्तक अजूनही दीडशेच सांगते. त्याने कर्ता लपवू नये; कोणी, कोठे, कोणता कागद द्यावयाचा हे सांगावे. आणि नकार मिळाल्यास काय म्हणावयाचे, ते वाक्य त्याने 'लेइ'सह वाचकाच्या तोंडी द्यावे.

या तिन्ही कसोट्यांना उतरणारे पुस्तक मला अद्याप आढळलेले नाही. म्हणून विचारावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सध्या लाखूस यांची कादंबरी वाचावयास देतो, सोबत कागदांची एक यादी देतो, आणि घंटेवर नाव लावण्यास विसरू नका असे सांगतो.