वृद्धांचे नैराश्य : गोव्यातील प्रयोग काय सांगतो?

'वय झालं, आता असंच चालायचं.' झोप उडालेल्या, जेवणावरची वासना गेलेल्या, कशातच रस न उरलेल्या वृद्धाबद्दल आमच्या राहाता तालुक्यात सर्रास हेच ऐकू येते. उदासी म्हणजे जणू म्हातारपणाचाच एक भाग! संशोधनातही वृद्ध अनेकदा मागे राहतात. तीव्र नैराश्यावर बोलण्यातून उपचार करण्याचा गोव्यातील एक गाजलेला प्रयोग २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४९५ रुग्ण होते, पण वयाची अट होती १८ ते ६५.

म्हणूनच गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मोलाचा वाटतो. त्यांनी साठी ओलांडलेल्या, उदासीची सौम्य लक्षणे असलेल्या पण नैराश्याचा आजार न जडलेल्या १८१ व्यक्ती निवडल्या. त्यांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोपवले. एका गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेले, पण या कामाचे प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक भेटत राहिले.

या भेटींचा गाभा होता 'समस्या सोडवण्याची' पद्धत. गुडघे धरल्यामुळे देवळात जाणे बंद झाले आहे, असे समजा. मग मार्ग कोणते, त्यातला जमण्याजोगा कोणता, तो करून पाहिल्यावर काय झाले, हे वृद्धानेच पायरीपायरीने ठरवायचे. जोडीला झोपेच्या सवयी सुधारणे, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी घेणे आणि सरकारी योजनांपर्यंत पोचायला मदत.

वर्षभरात नेहमीच्या उपचारांच्या गटातील ९० पैकी १३ जणांना नैराश्याचा आजार जडला. समुपदेशन मिळालेल्या ९१ पैकी फक्त ४ जणांना. म्हणजे १४.४ टक्के विरुद्ध ४.४ टक्के.

फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण तो उभा आहे एकूण १७ माणसांवर. समुपदेशनाचा काहीच परिणाम नसता, तर हे १७ जण नाणेफेक केल्यासारखे दोन गटांत वाटले गेले असते. सतरा नाणी उडवली, तर १३ किंवा अधिक नाणी एकाच बाजूची पडण्याची शक्यता शंभरात सुमारे ५ असते. एकच माणूस इकडचा तिकडे झाला असता आणि १२–५ अशी विभागणी झाली असती, तर ही शक्यता शंभरात सुमारे १४ वर गेली असती. निष्कर्ष खोटा आहे असे याचा अर्थ नव्हे. पण मोठ्या संख्येवर तो पुन्हा पडताळायला हवा.

आमचा दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. गुण आला तो पद्धतीने, की कुणीतरी आस्थेने येऊन बसले म्हणून? दोनच गट असल्याने हे कळत नाही. तेवढाच वेळ नुसत्या गप्पा मारणारा तिसरा गट हवा होता. हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. नुसती सोबत पुरत असेल, तर गावचे भजनी मंडळही हे काम करील. पद्धत आवश्यक असेल, तर प्रशिक्षणावर पैसा खर्च करावा लागेल. आमच्या तालुक्यात लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मनाच्या तक्रारीसाठी वस्तीवरून तिथवर किती वृद्ध जातील? गावातच काम करणारी माणसे तयार करायची, तर त्यांना नेमके काय शिकवायचे हे आधी ठाऊक हवे.

शिक्षकांनी सतरा नाण्यांचा हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. संभाव्यतेचा धडा त्यातून जिवंत होईल. आणि घरातले आजी-आजोबा गप्पगप्प राहू लागले असतील, तर 'असंच चालायचं' म्हणून गप्प बसू नये, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. २०२२ पासून 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. प्रयोगात उणिवा आहेत खऱ्या. पण म्हातारपणाची उदासी अटळ नसावी, हे सांगण्याइतका पुरावा त्याने नक्कीच दिला आहे.